भाड्याने मिळणारा वेताळ

इंद्रजाल कॉमिक्सचा जुना इंग्रजी अंक आज विकत घ्यायचा म्हटला, तर पैसे मोजायची तयारी असली की मिळतो. कुणीतरी वर्षावर्षाचे अंक पुठ्ठ्यात बांधून ठेवलेले असतात. घर आवरताना ते बाहेर येतात आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या किंवा माटुंग्याच्या फुटपाथपर्यंत पोचतात. मराठी अंकाचं नशीब वेगळं. तो हाती लागतो तेव्हा मुखपृष्ठ गेलेलं असतं, मधलं जोडपान निसटलेलं असतं आणि समासात कुणीतरी शाईच्या पेनाने बेरजा केलेल्या असतात. असं का, हे मी सांगू शकते, कारण अंकांची ही झीज आमच्याच दुकानात माझ्या डोळ्यांदेखत होत होती.

कराडला एस.टी. स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर माझ्या वडिलांची लायब्ररी होती. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी ती सुरू केली. लायब्ररी म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेली एक खोली, तीन भिंतींना फळ्या, पुढे एक बाक. एका भिंतीला कादंबऱ्या, दुसरीला मासिकं आणि दिवाळी अंक, आणि बाबांच्या हाताशी सगळ्यांत जास्त चोरीला जाणारा माल, म्हणजे बाबूराव अर्नाळकर आणि इंद्रजाल. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड घरोघर पोचलेले होते. कायद्याच्या चौकटीबाहेर राहून गुंडांना धडा शिकवणारा, खरं नाव झाकून वावरणारा माणूस मराठी वाचकाला नवा नव्हता. मुलगा दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत इंद्रजाल न्यायचा आणि मिसरूड फुटायच्या आत त्याच फळीवरच्या अर्नाळकरांकडे वळायचा. बाबा ही बढती बरोबर ओळखायचे.

इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४मध्ये निघाला. किंमत साठ पैसे. प्रकाशक बेनेट कोलमन, म्हणजे बोरीबंदरसमोरच्या इमारतीतलं टाइम्स ऑफ इंडिया. पहिली गोष्ट वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या, पट्ट्याची होती. बापाला मारून त्याचा कमरपट्टा पळवणाऱ्या खुन्याला मुलगा गाठतो, ती. अनंत पै तेव्हा टाइम्समध्ये नोकरीला होते आणि इंद्रजालच्या उभारणीत त्यांचा हात होता. अमर चित्र कथा त्यांनी काढली ती नंतर, १९६७मध्ये. पहिल्या काळातली बरीचशी मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवली. आतली चित्रं अमेरिकेतल्या किंग फीचर्सकडून आलेली, वर्तमानपत्रांतल्या पट्ट्या कापून, जुळवून पानावर बसवलेली. मुखपृष्ठ मात्र मुंबईचं. आतल्या चौकटींपेक्षा बाहेरचा वेताळ जास्त देखणा असायचा, हे आम्हां मुलांनाही कळत होतं. पहिले बत्तीस अंक वेताळाचेच होते. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी, बझ सॉयर आले. महिन्याचा अंक पुढे पंधरवड्याचा झाला आणि नंतर आठवड्याचा. मराठीसह अनेक भारतीय भाषांत तो निघत होता.

सुपरमॅन जगभर गाजत असताना पहिला मान वेताळाला का मिळाला, हा प्रश्न मला अनेक वर्षं पडलेला आहे. एक उत्तर व्यवहाराचं आहे. टाइम्सच्याच इलस्ट्रेटेड वीकलीमध्ये वेताळाची चित्रमालिका १९४०च्या दशकापासून येत होती. वाचकाला चेहरा ओळखीचा होता. बाहेरून येणारी कॉमिक्स महाग होती, परकीय चलनाची टंचाई होती, आणि इथेच छापलेला साठ पैशांचा अंक मध्यमवर्गीय बापाच्या खिशाला सोसणारा होता. पण मला दुसरं उत्तर अधिक पटतं. सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून आलेला, त्याला गोळी लागत नाही. वेताळाला गोळी लागते. तो मरतो, त्याचा मुलगा तोच वेश चढवतो आणि लोकांना वाटतं हा अमर आहे. बापाचा धंदा, बापाचं घर, बापाची शपथ मुलाकडे येणं ही आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मुलाला कळणारी गोष्ट होती. सोनाराच्या, कासाराच्या, शिंप्याच्या घरची मुलं आमच्या बाकावर बसून ती वाचायची.

ली फॉक यांनी हा नायक १७ फेब्रुवारी १९३६ला वर्तमानपत्रात आणला. सुपरमॅन १९३८चा, बॅटमॅन १९३९चा. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, तोंडावर मुखवटा आणि मुखवट्यात बुबुळं न दाखवलेले पांढरे डोळे ही पुढच्या कितीतरी नायकांनी उचललेली ठेवण फॉक आणि त्यांचे पहिले चित्रकार रे मूर यांची. ग्रीक पुतळ्यांना बुबुळं नसतात, त्यावरून ते डोळे सुचले, असं फॉक सांगत. पोशाख त्यांच्या मनात करडा होता. १९३९मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत लाल. मूर यांच्यानंतर विल्सन मॅकॉय आणि १९६१पासून साय बॅरी यांनी त्याला काढलं. आमच्या पिढीने ज्याच्यावर प्रेम केलं तो बॅरींचा वेताळ, रुंद खांद्यांचा, रेषा स्वच्छ असलेला. मॅकॉयचा वेताळ आखूड आणि लाकडी वाटतो, आणि त्या अंकांना आमच्याकडेही मागणी कमी असे.

मूळ कथेत त्याचा देश बेंगाला. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक गोरा माणूस किनाऱ्याला लागतो, बांदर नावाचे बुटके आदिवासी त्याला वाचवतात, आणि बापाच्या खुन्याची कवटी हातात घेऊन तो चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढायची शपथ घेतो. सुरुवातीच्या कथांत हे जंगल अर्धं हिंदुस्थानात, अर्धं आफ्रिकेत आहे. फॉक यांच्यावर किपलिंगचा प्रभाव होता. चाच्यांच्या टोळीला त्यांनी सिंग हे नाव दिलं होतं, पट्ट्याच्या गोष्टीतला खुनी राम होता. टाइम्सने छापताना बेंगालाचं डेंकाली केलं, सिंगचं सिंगा केलं, रामचं रामालू केलं. कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून संपादकाच्या टेबलावर झालेले हे छोटे बदल. गोरा माणूस काळ्या लोकांचा त्राता हा सगळ्या कथेचा पाया मात्र तसाच राहिला, कारण तो बदलला असता तर गोष्टच उरली नसती. आज तो अंक नातवंडांच्या हाती देताना मी हे त्यांना सांगते. फॉक यांनाही काळाचं भान आलेलं दिसतं. नंतरच्या कथांत लामांडा लुआगा हा कृष्णवर्णीय डॉक्टर त्या देशाचा निवडून आलेला अध्यक्ष होतो, आणि वेताळ त्याच्या सरकारचा मित्र म्हणून वावरतो. तरीही गुहेतल्या सिंहासनावर बसतो तो गोराच.

अमेरिकेत हा नायक बाजूला पडला आणि बाहेर मोठा झाला. ऑस्ट्रेलियात १९४८पासून आणि स्वीडनमध्ये १९५०पासून त्याची नियतकालिकं निघतात. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात लोकांनी लढाईच्या ढालींवर वेताळ रंगवला. मरत नाही असा योद्धा ढालीवर असावा, हे त्यांना कुणी शिकवायला गेलं नव्हतं.

आमच्या लायब्ररीचा हिशेब असा. दोन रुपये ठेव, एका दिवसाला दहा पैसे, बाकावर बसून वाचायचं असेल तर पाच. नवा अंक आला की बाबा आधी त्याच्या पिना काढत. पिनेला गंज चढतो आणि गंज कागद कापतो. मग आई दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने अंक शिवायची, गव्हाच्या खळीने वरून खाकी कागद चिकटवायची, आणि त्या खाकीवर बाबा पेनाने कथेचं नाव आणि क्रमांक लिहीत. म्हणजे ज्या मुखपृष्ठासाठी मुलं वेडी व्हायची ते खाकी कागदाखाली दडलेलं असे, आणि म्हणूनच मुलं कागद उचकटायची. काही लायब्ऱ्यांत तीन-तीन अंक एकत्र बांधत. बाबांना ते मान्य नव्हतं. एकत्र बांधले की तीन मुलांऐवजी एकाच मुलाच्या हाती जातात, असं त्यांचं म्हणणं. अंकाची किंमत पुढे रुपयावर गेली तेव्हा दहा वाचकांत पैसे सुटायचे आणि अकराव्यापासून मिळकत. पण चाळीसएक हातांतून गेल्यावर वर्तमानपत्री कागद किती टिकणार? फाटलेला अंक आधी बाकावरच्या वाचनासाठी ठेवायचा, मग रद्दीत. रद्दीवाल्याकडून तो भेळवाल्याकडे. मराठी इंद्रजाल आज सापडत नाही ते यामुळे. इंग्रजी अंक घरात विकत घेतला गेला आणि एका-दोघांनी वाचला. मराठी अंक एका गावाने वाचला.

मुलांचं वेड अंकापुरतं नव्हतं. वेताळाच्या उजव्या हातातल्या अंगठीचा ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते, ती कधी जात नाही. डाव्या हाताची खूण संरक्षणाची. जत्रेत कवटीच्या अंगठ्या मिळत. ज्यांना त्या मिळत नसत ते खोडरबर कोरून शाईचा शिक्का करायचे, आणि शाळेत अर्ध्या वर्गाच्या मनगटांवर कवट्या असायच्या. जंगलातल्या जुन्या म्हणी हा फॉक यांचा एक लाडका प्रकार होता. मुलांनी गल्लीतल्या म्हणी तयार केल्या, त्यांत शाळेतल्या मास्तरांपासून पोस्टमनपर्यंत सगळे होते. कोणता वेताळ कितवा, कुणी कुणाशी लग्न केलं, गुहेतल्या खजिन्याच्या दोन दालनांत काय काय आहे, यावर बाकावर तासन्‌तास वाद चालत. पुरावा म्हणून अंक मागितला की बाबा पाच पैसे घेत.

आम्ही मुली डायनासाठी वाचायचो. हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. डायना पामर पोहण्यात पटाईत, विमान चालवणारी, संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी. तिला वाचवायला वेताळ येतो हे खरं, पण कथेच्या पहिल्या पानांवर ती एकटी कुठल्यातरी देशात कामाला निघालेली असते, हातात बॅग. माझ्या ओळखीतली एकही बाई तेव्हा एकटी पुण्यालासुद्धा जात नव्हती. डिसेंबर १९७७मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत दोघांचं लग्न लागलं. ती कथा आमच्यापर्यंत पोचली तेव्हा लायब्ररीत नंबर लावायला वही ठेवावी लागली, आणि त्या वहीत मुलींची नावं मुलांपेक्षा जास्त होती. लग्नानंतर तिने नोकरी सोडली नाही. त्यावर आमच्या आईने बाबांकडे एकदा नुसतं बघितलं होतं.

त्या लग्नाच्या एक वर्ष आधी, डिसेंबर १९७६मध्ये, इंद्रजालने एक मोठं पाऊल टाकलं होतं. बहादूर. लेखक आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. केशरी कुडता आणि जीन्स घातलेला, मुखवटा नसलेला, जयगढ नावाच्या गावात राहणारा नायक. त्याचा बाप दरोडेखोर, विशाल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून मारला गेलेला. मुलगा सूड घ्यायचं ठरवतो, आणि मग बापाने लोकांचं काय केलं हे कळल्यावर दरोडेखोरांविरुद्ध उभा राहतो, त्याच विशालच्या मदतीने.

वेताळ बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून उभा आहे, आणि एकवीस पिढ्या मुलगा बापाचंच करत आलेला आहे. सुरतींनी ते उलटं केलं. त्यांच्या नायकाने बापाचा वारसा नाकारला आणि सुडाला तिथेच पूर्णविराम दिला. तेव्हाचा काळ आठवा. एप्रिल १९७२मध्ये चंबळच्या दरोडेखोरांनी जयप्रकाश नारायणांसमोर शस्त्रं टाकली होती, १९७५मध्ये शोले आला होता, आणि हा अंक निघाला तेव्हा देशात आणीबाणी होती. अशा वेळी बहादूर गावकऱ्यांना जमवून, त्यांना शिकवून नागरिकांचं सुरक्षा दल उभारतो. तो एकटा काहीच करू शकत नाही. इंद्रजालमधल्या बाकी सगळ्या नायकांत आणि त्याच्यात हाच मुख्य फरक आहे, आणि माझ्या मते भारतीय कॉमिक्सने नायकाच्या कल्पनेत घातलेली ती सगळ्यांत मौल्यवान भर आहे. त्याच्यासोबत बेला आहे, कराटे येणारी, लग्नाची घाई नसलेली. पुढे जगजीत उप्पल यांनी बहादूरच्या कथा लिहिल्या, पण गाव उभं करायची सुरतींची हातोटी त्यांत मला तितकी दिसत नाही.

आबिद सुरती १९३५चे, लहानपण मुंबईतल्या डोंगरीत गेलेलं. ते सांगतात ती हकिगत मला या सगळ्या इतिहासाचं बीज वाटते. दुसऱ्या महायुद्धाचा काळ. गोदीतून गोऱ्या सैनिकांना घेऊन गाडी संथपणे व्हीटीकडे जायची, आणि वस्तीतली पोरं तिच्या बाजूने धावायची. सैनिक खाऊ फेकायचे. एकदा कुणीतरी कॉमिक फेकलं. सगळी पोरं त्यावर तुटून पडली, ते फाटलं आणि प्रत्येकाच्या हाती एखाददुसरं पान आलं. आबिदच्या हाती जे पान आलं ते बघून त्याने चित्रं काढायला सुरुवात केली. पुढे धर्मयुगमधले ढब्बूजी, कादंबऱ्या, बहादूर असं सगळं आलं. २००७पासून मीरा रोडला ते प्लंबरला सोबत घेऊन रविवारी लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरले. जयगढचं सुरक्षा दल ज्याने लिहिलं त्याच्याकडून दुसरं काय अपेक्षित होतं?

भारतीय कॉमिक्सच्या या गोष्टीत मराठी माणसाचाही हात आहे. १९८०च्या दशकात इंडिया बुक हाउसने अमिताभ बच्चनला सुप्रीमो नावाचा सुपरहिरो केला, त्याची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नागराज उत्तर भारतातल्या मुलांनी डोक्यावर घेतला, त्याच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रंही मुळीकांचीच. तिकडच्या चाहत्यांना हे नाव तोंडपाठ आहे. पुण्यात किती जणांना आहे?

इंद्रजाल १९९०मध्ये बंद पडलं. तोवर आठशेहून अधिक अंक निघाले होते. दूरदर्शन घरोघर आलं होतं, व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळायला लागली होती. आमच्या गल्लीत कॅसेटचं पहिलं दुकान ज्याने काढलं तो आमच्या बाकावर मोठा झालेला मुलगा होता, आणि ठेव घेण्याची पद्धत त्याने बाबांकडूनच उचलली होती. वेताळाचे हक्क डायमंड कॉमिक्सकडे गेले, जाड डायजेस्ट निघाले. बाबांनी ते काही काळ ठेवले, पण बाक रिकामा पडत गेला. फेब्रुवारी २०११मध्ये दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन भरलं, त्यात अनंत पैंना जीवनगौरव देण्यात आला. काही दिवसांतच, २४ फेब्रुवारीला, ते गेले.

आता संग्राहकांच्या जगात इंद्रजालच्या क्रमांकांच्या याद्या आहेत, मुखपृष्ठांच्या प्रतिमा आहेत, किमती आहेत. हे काम प्रेमाने झालेलं आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण त्यात मराठी आवृत्तीची जागा फार थोडी आहे. ज्या माणसांनी ती मराठी केली त्यांच्याबद्दल तर काहीच हाती लागत नाही. माझ्याकडे उरलेल्या अंकांत मला एकाही अनुवादकाचं नाव सापडलेलं नाही. काम सोपं नव्हतं. संवादाचा फुगा इंग्रजी मजकुराच्या मापाने काढलेला. त्यात देवनागरी बसवायची म्हणजे वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा ठेवायची, म्हणून ओळी कमी, म्हणून वाक्य आखूड. दर अंकाला हे करायचं, आणि आठवड्याचा अंक झाल्यावर तर दर आठवड्याला. आमच्या गावातल्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून, कुणी बळजबरी न करता, जे मराठी वाचलं ते या अनुवादकांचं होतं. कासाराचा एक मुलगा चौथीत दोनदा नापास झाला होता, त्याला अक्षरं जुळवायला वेताळाने शिकवलं. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे आणि तो हिशेब मराठीत लिहितो.

बोरीबंदरच्या त्या इमारतीत बसून, किंवा घरी कागद नेऊन, इंद्रजालचं मराठी कुणी केलं, फुग्यांतली अक्षरं कुणी भरली, त्यांना पानामागे काय मिळत होतं, वेताळ हे नाव कुणी सुचवलं, हे मला जाणून घ्यायचं आहे. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, किंवा त्यांची मुलं वाचत असतील, तर त्यांनी कळवावं. आणि कुणाच्या माळ्यावर डिसेंबर १९७६चा बहादूरचा पहिला मराठी अंक असेल, फाटका असला तरी चालेल, तर तो रद्दीत देण्याआधी मला एकदा बघू द्यावा.